मला तिनं फेकलं नाही

खोटं बोलतोस मास्तर! साफ खोटं! ज्याला त्याला फोनवर सांगत सुटलायस, "पोरीनं भर मैदानात माझ्या तोंडावर ठोकळा फेकला." कुठं लागला तुला? दाखव बरं. गालाला? नाकाला? अरे, मी होतो ना तिथं! तिच्या हातात मीच होतो. मला विचारलंस का एकदा तरी?

तो ठोकळा म्हणजे मी. कुस्तीतल्या चॅलेंजचा ठोकळा बोलतोय. वीतभर लांब, वीतभर रुंद, आत स्पंज, वरून लाल रेक्झिन. ज्यांना कुस्तीतलं काही कळत नाही त्यांनी नुसत्या माना डोलवू नका, नीट ऐका. मॅटवर पंचानं चुकीचा गुण दिला असं कोचला वाटलं, तर त्यानं आत धावायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मला आत फेकायचं. मी पडलो की कुस्ती थांबते. मोठे पंच टीव्हीवर परत बघतात. कोचचं खरं निघालं तर गुण बदलतो. खोटं निघालं तर समोरच्याला एक गुण फुकटात. आणि आणखी एक आहे. मॅटवर खेळणाऱ्याला कोचचं पटलं नाही, तर तो मला उचलून परत देऊ शकतो. मग टीव्ही नाही, दंड नाही, कुस्ती पुढं चालू.

एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? बसा मग माझ्या जागी.

माझा जन्म गाड्यांच्या शीटा शिवणाऱ्या एका काकाच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक शटर, एक मशीन आणि गुडघाभर स्पंजचा कचरा. मास्तर तिथं आला आणि म्हणाला, "काका, एवढा एवढा ठोकळा शिवून द्या."

"बसायला?"

"फेकायला."

काकानं चष्मा कपाळावर सरकवला. "कुणाला मारायचाय?"

"पंचाला."

"मग दगड घेऊन जा की. शिवायचा कशाला?"

पण शिवला. तीन वेगवेगळ्या शीटांचे तुकडे चिकटवून माझं पोट भरलं. एक कड वाकडी गेली. मास्तरनं ती बोटानं दाखवली तर काका म्हणाला, "फेकायचाच आहे ना? सरळ जाणं तुझ्या हातात."

मला तेव्हाच प्रश्न पडला. माणसं एखादी वस्तू मुद्दाम फेकण्यासाठी बनवतात, ती का? तेव्हापासून मी बघतोच आहे माणसांकडं, आणि प्रश्न काही संपत नाहीत.

कॉलेजच्या मागच्या बाजूला पत्र्याचा हॉल. आत एक जुनी मॅट, भिंतीला एक आरसा, कोपऱ्यात लोखंडी कपाट. मास्तर तिथला खेळाचा शिक्षक. त्याच्या नाकावर राग कायम बसलेला. माझं खरं काम स्पर्धेत, पण हा मला रोज फेकायचा. कुणी वाकून उभा राहिला, फेक. कुणी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय उचलायला शिरताना, डोळे मिटले, फेक. सगळ्यात जास्त मी लागलो ढोलला. ढोल म्हणजे जड वजनातला पोरगा, पडला की हॉल वाजतो म्हणून हे नाव. एकदा मास्तरनं अख्ख्या सरावात मला तीनदाच फेकलं, तर ढोल विचारतो कसा, "मास्तर, तब्येत बरी नाही का?" चौथ्यांदा लगेच लागलो.

मला राग यायचा. स्पंजचा असलो म्हणून काय झालं? पण बघायला मिळायचं, म्हणून गप्प राहायचो. ही कॉलेजची पोरं मोठी अजब. वजनाच्या दिवसाआधी प्लॅस्टिकचं जाकीट घालून पळतात, पाणी पीत नाहीत, बाटलीत थुंकत बसतात. थुंकीचं वजन ते किती? काट्यावर उभी राहताना डोळे मिटतात, जणू आकडा ह्यांना बघून घाबरेल. एकमेकांची मानगूट पकडून सहा मिनिटं जीव काढतात आणि शिट्टी झाली की गळ्यात पडतात. मग आधी भांडलात कशाला? आणि परीक्षेचा पेपर बुडाला तर हसतात, पण मॅटबाहेर बोटभर पाय गेला तर रडतात. मला हे अजून उलगडलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मुंगी आली. ठेंगणी, बारीक. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते, आणि ही लहानपणापासून कपड्यांची गाठोडी जिन्यानं वर-खाली नेणारी. पहिल्या दिवशी ढोल तिला म्हणाला, "ए पिंटुकली, मला हलवून दाखव." तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि त्याला दोन पावलं मागं नेलं. ढोल स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ही मुंगी आहे रे. आपल्यापेक्षा मोठं ओझं उचलते." झालं, नाव पडलं.

मास्तरनं हॉलमध्ये एक कायदा केला होता. कुस्तीत ज्याचा पाय आधी गोलाबाहेर जातो, त्याच्या समोरच्याला एक गुण. पण सरावाला पंच कुठून आणायचा? म्हणून ज्याचा पाय आधी बाहेर जाईल त्यानंच ओरडायचं, "माझा!" दुसऱ्यानं दाखवायचं नाही, मास्तरनं सांगायचं नाही. ज्याचा त्यानं. नव्या पोरांना हे जड जातं. मुंगीनं एकदा पाय बाहेर गेलेला असताना तोंड मिटून ठेवलं. मी सुटलो तो थेट तिच्या कानावर. मास्तर ओरडला, "तुझा पाय कुठं होता हे तुला ठाऊक! दुसरा बघेल तेव्हा बघेल. तू आधी बोल!"

कान लाल झाला होता पोरीचा. पण त्यानंतर हॉलमध्ये सगळ्यांत आधी "माझा" कुणाचं ऐकू येत असेल तर मुंगीचं. कधी कधी मास्तरच म्हणायचा, "अगं, नव्हता तुझा." तरी ही म्हणायची, "होता मास्तर. मला कळलं ना."

मग निवड चाचणी आली. कॉलेजच्या पोरापोरींतून देशाचा संघ निवडायचा, आणि तोच संघ पुढं जगाच्या स्पर्धेला जाणार. एका वजनात एकच जागा. आयोजकांचा लाल ठोकळा कुणीतरी हरवला होता, म्हणून मास्तरनं पिशवीतून मला काढलं. दोन घामट बुटांच्या मधून बाहेर आलो, तर समोर एवढा मोठा हॉल, दिवेच दिवे, आणि चार मॅट एकदम चालू! मी दोन वर्षं एकच मॅट बघितलेली. कुठं बघू आणि कुठं नको असं झालं मला.

मुंगीनं तीन कुस्त्या मारल्या. शेवटची शिडीबरोबर. शिडी म्हणजे उंच पोरगी, हात एवढे लांब की मुंगी तिच्या काखेखाली उभी राहील. मास्तर मला मांडीवर दाबून बसला होता. हात ओला झालेला. मला वाटत होतं हा माणूस रागीट आहे. त्या दिवशी कळलं, अर्धा राग म्हणजे नुसती भीती.

चार-तीन. मुंगी पुढं. वीसच सेकंद राहिले होते. शिडीनं रेटा मारला, दोघी मॅटच्या कडेला गेल्या, गरगर फिरल्या आणि गोलाच्या बाहेर पडल्या. पंचानं बोट वर केलं. शिडीला एक गुण. चार-चार. आणि बरोबरी झाली की शेवटचा गुण ज्याचा, तो पुढं. म्हणजे शिडी पुढं.

"तिचा पाय आधी गेला! शिडीचा!" मास्तर उठला आणि मला फेकलं. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या कामासाठी फेकला गेलो मी! मॅटवर दोन गटांगळ्या खाल्ल्या. शिट्टी झाली. सगळा हॉल माझ्याकडं बघतोय.

मुंगी आली. वाकली. मला दोन्ही हातांनी उचललं. मला पोटाशी धरून ती मास्तरकडं चालत आली. चालत, मास्तर! आणि मला तुझ्या मांडीवर ठेवलं. ठेवलं म्हणतोय मी. झोपलेलं मूल ठेवतात तसं.

"नको मास्तर. पाय माझा होता."

"शिडीचा होता! मी बघितला!"

"माझा मला कळला, मास्तर."

"मूर्ख आहेस का? जगाची जागा आहे ही!"

"चॅलेंज हरलं तर तिला आणखी एक गुण फुकटात. एकच गुण पाहिजे ना? मी घेते. बसा तुम्ही."

ती वळली. आणि मग मला फेकलं कुणी? तू फेकलंस! जमिनीवर, खुर्चीच्या पायाशी, जोर लावून. माझ्या वाकड्या कडेची शिवण उसवली आहे ती तिच्यामुळं नाही, तुझ्यामुळं.

अठरा सेकंद मुंगी शिडीच्या पायात शिरत राहिली. दोनदा पाय हातात आला, दोनदा निसटला. भोंगा झाला. शिडीनं तिला मिठी मारली आणि रडली. मुंगी नाही रडली. ती मास्तरकडं आली तर मास्तर पिशवी भरत होता.

परतीच्या बसमध्ये मास्तर पुढं, मुंगी मागं. ढोलनं मोबाईलवर शूटिंग केलेलं. हळू करून बघितलं. मागं नेऊन परत बघितलं. मास्तरनं फोन हिसकावून घेतला. शिडीची टाच आधी बाहेर. डोळ्याची पापणी लवते तेवढंच आधी, पण आधी. मास्तरचं खरं होतं.

"बघ!" मास्तर भर बसमध्ये उभा राहून ओरडला. "बघ आता! गेली जागा! माझ्यावर विश्वास नाही ना तुझा? बघ मग दुसरा मास्तर!"

मुंगीनं चित्र दोनदा बघितलं. "तिचा आधी गेलेला दिसतोय," ती म्हणाली. "पण मास्तर, मला माझाच पाय कळतो. तिचा कसा कळणार?"

मास्तरनं पाठ फिरवली. आल्या आल्या मला कपाटात टाकलं, वर शिट्टी आणि स्टॉपवॉच आदळलं, कुलूप लावलं. त्याला आज नऊ दिवस झाले. मास्तर हॉलवर आलेला नाही.

मी अंधारात आहे, पण कान शाबूत आहेत. मुंगी रोज येते. ढोल तिच्याशी लढतो. रोज ऐकू येतं, "माझा!" ढोल म्हणतो, "अगं आता तरी सोड ते!" आणि ही म्हणते, "तू खेळ रे."

परवा तिची आई आली, कामावरून तशीच. हातातला कागद वाजत होता. नियम असा आहे की दुसऱ्या नंबरच्या पोरीला पहिलीशी एकदा फेरलढत मागता येते. दहा दिवसांच्या आत अर्ज द्यायचा, वर कोचची सही पाहिजे. कोचची म्हणजे कोचचीच.

"तुमच्या मास्तरच्या घरी गेले होते," आई म्हणाली. "दार वाजवलं तर आतून ओरडतोय, मी घरी नाही."

ढोल खो-खो हसला. आई नाही हसली.

"हसतोस काय? मला कुस्तीतलं काही कळत नाही बाबा. पोरगी जेवते, कॉलेजला जाते, बोलते सगळं. पण हा कागद चार दिवस उशाशी घेऊन झोपतीय. त्या माणसाला एवढंच विचार, माझ्या पोरीनं त्याचं काय बिघडवलं?"

ढोलचं हसू थांबलं. मग म्हणाला, "काकू, द्या तो कागद. पहिल्या वर्षाच्या पोरांची पळायची परीक्षा आहे शुक्रवारी. स्टॉपवॉच ह्या कपाटात आहे. मास्तरला यावंच लागेल." आणि दाराच्या फटीतून कागद आत सरकवला. मागून पेनही. दोन्ही माझ्या अंगावर येऊन पडले.

म्हणून बोलतोय मी, मास्तर. तुझा डोळा खरा होता. टीव्ही लावला असता तर तू जिंकला असतास, ती जिंकली असती. मान्य! मी तुझ्या हातून सुटलो तेव्हा मलाही वाटलं होतं, झालं काम. पण तिनं तुझ्या डोळ्यावर अविश्वास नाही दाखवला. तिला जे कळलं ते ती सगळ्यांच्या आधी बोलली, आणि असं बोलायला शिकवताना तू मला तिच्या कानावर मारलं होतंस. मग आता कुणावर रुसलायस? पोरीवर का स्वतःवर? नऊ दिवस मी हाच विचार करतोय आणि मला खरंच कळत नाही. तुझ्यासारख्या मोठ्या माणसाला घरात बसून 'मी घरी नाही' म्हणावं लागतं, एवढं काय लागलंय तुला? मी तर नाही लागलो.

फेरलढत जिंकेल का हरेल, मला ठाऊक नाही. शिडीही काही कच्ची नाही. पण तिच्या कोपऱ्यातली खुर्ची रिकामी असेल तर तिला लढताच येणार नाही, तसा नियमच आहे. माझी शिवण उसवली आहे ती राहू दे, फेकायला अजून चालतो मी.

उद्या शुक्रवार. सकाळी कुलूप उघडशील, स्टॉपवॉचला हात घालशील, तेव्हा कागद माझ्यावरच पडलेला असेल, पेन बाजूला. पाच वाजता मुदत संपते. परीक्षा नंतर घे. आधी सही कर, आणि स्वतः जाऊन अर्ज देऊन ये.