तंबोऱ्यामागची बाई

“प्रमोदिनीबाई, ही कोणीतरी कोण हो?”

त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हस्तलिखितात बोट खुपसून ठेवलं. जांभळी नाक्यावरच्या त्यांच्या छापखान्यात शाईचा असा वास, की बोलायला तोंड उघडावं तर जीभ काळी व्हावी.

“पान चाळीस. कोणीतरी तंबोरा लावला. पान बावन्न. कोणीतरी माईंपुढे पाण्याचा तांब्या केला. पान साठ. तापात माईंच्या कपाळावर कोणीतरी घड्या ठेवल्या. अहो, कोर्टकचेऱ्यांच्या ठाणे गावात राहता ना तुम्ही? साक्षीदार नसेल तर कोर्टात खटला उभा राहत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पुस्तक मी छापतो. पण या कोणीतरीला आधी पिंजऱ्यात उभी करा.”

“ती... मीच,” प्रमोदिनी म्हणाली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी शाळकरी पोरीसारखी लाजली. शाळेत हिची नुसती चाहूल लागली तरी चौथीचा वर्ग चिडीचूप व्हायचा, हो!

पण तिचा तरी काय दोष? अठरा वर्षं ती गायिका कलावतीबाईंच्या, म्हणजे सगळ्यांच्या माईंच्या, मागे तंबोरा घेऊन बसली. मागे बसणाऱ्याचे नियम कडक. हलायचं नाही, शिंकायचं नाही, लोकांकडे बघायचं नाही. वर्तमानपत्रात फोटो आलाच, तर त्यात प्रमोदिनीची चार बोटं तेवढी. दोन वर्षांपूर्वी माई गेल्या. तंबोरा त्यांच्या मुलीकडे, चित्राकडे, नागपूरला गेला. लग्नसंसार प्रमोदिनीनं केलाच नव्हता. शाळा सुटली की संध्याकाळ नुसती अंगावर यायची. रिकामे हात राहवेनात, म्हणून तिनं शाळेच्या उरलेल्या वह्यांत माईंचं चरित्र लिहायला घेतलं. आणि लिहितानाही मागेच बसली!

रविवारी दुपारी तिनं दुरुस्त्या काढल्या. कोणीतरी खोडायचं, मी लिहायचं. आधी पेन अडखळलं, मग काय विचारता! तंबोरा मी लावला, तांब्या मी केला, घड्या मी ठेवल्या. आपल्याच घरात आपल्याला पहिल्यांदा कोणी भेटायला यावं, तसं तिला झालं. ती मोठ्यानं वाचायलाच लागली.

बहात्तरावं पान आलं आणि पेन थांबलं.

‘अठ्ठेचाळीस सालच्या कल्याणच्या बैठकीत माईंनी वरचा षड्ज असा लावला, की मंडप श्वास घ्यायला विसरला.’ इथे कोणीतरी नव्हतंच. इथे सरळ खोटं होतं.

भांडी घासायला बाळकुमची तुळसा आली. “काय गो बाय, एकटीच कोनाशी बोलतेस?”

“लिहिलेलं वाचतेय गं.”

“तू गायचीस काय तवा?”

“नाही. मागे बसायचे.”

“मागं बसून काय करायचीस?” तुळसा फिसकन हसली. “लग्नात वरमायच्या मागं मी बी बसते. मना कोन पुसतं!”

प्रमोदिनीही हसली. आणि हसता हसता सात वर्षं कुणाला न सांगितलेलं तुळसाला सांगून बसली. कल्याणला त्या दिवशी वरच्या षड्जाकडे चढताना माईंचा आवाज फाटला. तोंड उघडं, स्वर नाही. त्याच क्षणी मागून प्रमोदिनीनं तो धरला. टाळ्या माईंना. दोघी टांग्यानं परतल्या. उतरताना माई एवढंच म्हणाल्या, “यापुढे मागून गायचं नाही. नुसता तंबोरा.” त्यानंतर प्रमोदिनी कुणासमोर गायलीच नाही.

तुळसाच्या मुठीतली राख मुठीतच राहिली. “मंग लिव की!”

“माई नाहीत आता.”

“मंग नको लिवू. मेलेल्या मानसाला उलट बोलता येत नाय.”

सोमवारी शाळा सुटल्यावर प्रमोदिनी छापखान्यात गेली.

“वा! आता दिसली बाई,” त्र्यंबकराव पानं उलटत म्हणाले. “पण बहात्तर कुठाय?”

“आहे. देते.”

पिशवीत दोन पानं होती. एक जुनं. दुसरं काल लिहिलेलं, त्यातलं पहिलंच वाक्य: ‘तो षड्ज माझा होता.’ तिचा हात नव्या पानावर होता.

“ते हरवू नका हं,” त्र्यंबकराव म्हणाले. “ त्या दिवशी बोलायचं राहून गेलं. मी होतो कल्याणला. आमची ही जाऊन महिनाही झाला नव्हता, मेहुण्यानं ओढून नेलेलं. गाण्यात कसलं लक्ष! आणि माईंचा तो सा लागला... घरी जाऊन महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवलो. हे बघा, अजून काटा येतो.”

त्यांनी बाही वर केली. शाईनं माखलेल्या हातावर खरंच काटा उभा राहिला होता.

प्रमोदिनीनं तो डोळे भरून पाहिला. मग जुनं पान काढलं आणि एकाहत्तर-त्र्याहत्तरच्या मध्ये नीट सरकवलं.

“तुम्ही तर अगदी जवळून ऐकला असेल,” त्र्यंबकराव म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “अगदी जवळून.”