सहा वाजताचं राष्ट्रगीत

बँकॉकमध्ये माणूस हरवायला हजार वाटा आहेत. कालवे, उड्डाणपूल, एकीतून दुसरीत शिरणाऱ्या गल्ल्या. माझ्या वडिलांना त्यातली एकच पाठ होती: हुआ लाम्फोंग स्टेशन. आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे, पण टुकटुकवाल्याला स्टेशनचं नाव मात्र बिनचूक सांगत.

त्या संध्याकाळी मी हातगाडीवर माशाचे गोळे तळत होते. शेजारची सायसुनी मावशी धापा टाकत आली.

"ओराथाई, अगं चामनोंग मास्तर गेले! टुकटुकमध्ये बसले. मी हाक मारली तर मलाच हात जोडून नमस्कार केला."

"आणि तू बघत राहिलीस?"

"मग काय करू, चाकाखाली झोपू?"

भांडायला वेळ नव्हता. साडेपाच वाजले होते आणि सुरिनकडची, त्यांच्या गावाकडची गाडी सहा-पाचला सुटायची. गेल्या वर्षी ते याच गाडीत बसून निघाले, मधल्याच कुठल्या तरी स्टेशनवर उतरले आणि तिसऱ्या दिवशी भातखाचराच्या बांधावर सापडले, इन्सुलिनवाचून अर्धमेले. पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

मी गॅस बंद केला आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जुम्पोनच्या भाड्याच्या मोटरसायकलवर बसले.

"ताई, गुडघे आत घ्या. गेल्या आठवड्यात एका बाईंनी बसचा आरसा तोडला."

"बडबडू नकोस, चालव."

"गाडी हाताने चालते हो, तोंड मोकळंच असतं."

तो मोटारींच्या फटींतून सुळसुळत निघाला. पण मोठ्या चौकात सिग्नल लागला. तिथला सिग्नल म्हणजे बसून वाटीभर शेवया खाव्यात एवढा वेळ. मी जुम्पोनच्या खांद्यात नखं रुतवली. त्यानेही या वेळी विनोद केला नाही.

मी स्टेशनात शिरले तेव्हा सहाला मिनिटभर कमी होतं. नजर भिरभिरत होती. आणि ते दिसले, पार पलीकडे, प्लॅटफॉर्मच्या दाराजवळ. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच सहा वाजले.

कर्ण्यातून रोजचं सहाचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि अख्खं स्टेशन जागच्या जागी थांबलं. हमाल थांबले, पोरांना कडेवर घेतलेल्या बाया थांबल्या. मीही थांबले. हे कुणाला सांगावं लागत नाही, पाय आपसूक जुळतात. त्या एवढ्या गर्दीत एकच माणूस चालत होता. माझा बाप.

मला हे त्यांनीच शिकवलं होतं. शाळेत सकाळी झेंडा चढताना एकदा मी उडालेल्या वहीमागे धावले, तर सगळ्यांदेखत हातावर छड्या बसल्या. मास्तरांची मुलगी म्हणून दोन जास्त. ते माझं नाव विसरले तेव्हा मी रडले नव्हते. आणि आता ते राष्ट्रगीताला थांबायचंही विसरले होते. हेही गेलं, मग उरलं काय?

आणि मी उभीच! बाप डोळ्यांदेखत चाललाय आणि चाळिशीची मी पुतळा होऊन बघतेय. अर्धं गीत मी असंच घालवलं, त्याची लाज मला अजून वाटते. ते दारातून पलीकडे गेले तेव्हा कुठे माझे पाय सुटले.

मी धावले. त्या निश्चल गर्दीत माझ्या चपला फटफट वाजत होत्या. रखवालदाराने डोळे वटारले, पण मला अडवायचं तर त्यालाही हलावं लागलं असतं. मी दार गाठलं आणि गीत संपलं. थांबलेली गर्दी एकदम सुटली, माझ्या अंगावर आली. पुढे दोन बाजूंना दोन गाड्या. पांढरा सदरा कुठेच नाही.

ते सुरिनकडच्याच गाडीत असणार, असं म्हणून मी उजवीकडच्या त्या गाडीत चढले. पहिला डबा, नाहीत. दुसरा, नाहीत. शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. ते दुसऱ्या गाडीत असतील तर मी त्यांना सोडून चालले होते. उतरू की पुढे जाऊ? मी तिसऱ्या डब्यात घुसले.

ते खिडकीशी बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि शेजारी कोसळले. आता पुढच्या स्टेशनवर दोघांनी उतरायचं, एवढंच डोक्यात होतं.

त्यांनी मला चष्म्यावरून खालीवर पाहिलं. वर्गात पाहायचे तसंच.

"मघाशी पळत होतीस ती तूच ना? गाडीत चढताना मागे वळून पाहिलं मी. राष्ट्रगीत चालू असताना पळतेस? लाज नाही वाटत?"

"चुकलं, मास्तर."

"कुणाची पोरगी तू?"

"चामनोंग मास्तरांची."

ते बराच वेळ आठवत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"या नावाचं कोणी मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण मास्तर असून पोरीला एवढंही शिकवलं नाही त्याने?"

"शिकवलं होतं," मी म्हणाले, आणि त्यांचं मनगट धरूनच रडू लागले.