ज्वारीतली पायवाट

सयाजीरावांची लेक अंकिता देवगडकडे दिली होती. मे महिन्यात ते तिच्या सासरी गेले, तेव्हा व्याही रावजींनी त्यांना रोज सकाळी किनाऱ्याने फिरवलं. पहिल्याच दिवशी लाट मागे गेली, तशी पायाखालची वाळू सरकली आणि सयाजीरावांनी घाबरून व्याह्यांचा सदरा धरला. रावजींना हसू आवरेना. पुढे घरी येईल त्याला ते हा किस्सा रंगवून सांगायचे.

नाताळच्या सुट्टीत रावजी आणि विहीणबाई मालती सोलापूरला, शुक्रवार पेठेतल्या घरी आले. सयाजीरावांनी लगेच जाहीर केलं, की उद्या आपल्या मंद्रूपच्या रानातून ओढ्यापर्यंत पायी जायचं. त्यांची सगळी नोकरी शहरात गेली होती. शेती धाकटा भाऊ बघायचा. बायको जगदेवीने विचारलं, ओढ्याची वाट तरी आठवते का? सयाजीरावांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बांधावर पोचल्यावर दोघी विहिणी बोरीखाली बोरं वेचत रेंगाळल्या. व्याही-व्याही पुढे गेले. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं दाण्यांनी भरलेली. जवळची वाट म्हणून सयाजीराव थेट पिकात शिरले. थोड्या वेळाने पायवाट पुसट झाली, मग दिसेनाशीच झाली. डावीकडे ताटं, उजवीकडे ताटं, वर आभाळाची चिंधी. ते बिनधास्त चालत राहिले आणि बऱ्याच वेळाने मघाचीच मोडलेली ताटं पुन्हा समोर आली.

रावजींची बडबड केव्हाच थांबली होती. शेजारी काहीतरी सळसळलं, तसा त्यांनी मागून सयाजीरावांचा सदरा घट्ट पकडला.

"व्याही," ते हळूच म्हणाले, "इथे साप असतात का हो?"

"असतात की," सयाजीराव म्हणाले. मग रावजींचा चेहरा पाहून त्यांना कसंतरीच वाटलं. "पण थंडीचे फारसे बाहेर पडत नाहीत."

सळसळ जवळ आली. ताटं बाजूला सारत पाखरं राखणारी गोजरबाई पुढे आली, हातात गोफण घेऊन.

"आमच्या कणसात कोण शिरलंय म्हनून बगायला आले," ती म्हणाली. "कुटं निगालाव?"

"ओढ्याला."

"ओढा तिकडं मागं ऱ्हायला की. तुमी आता दुसऱ्याच्या रानात हाय."

तिने त्यांना बाहेर काढलं, तेव्हा दोघी विहिणी कणसं भाजायच्या आगटीजवळ बसून शेंगाच्या चटणीबरोबर हुरडा खात होत्या. त्या ओढ्यात पाय बुडवूनही आल्या होत्या. एवढा वेळ कुठे होता, असं जगदेवीने विचारलं. सयाजीरावांना वर्षभर पुरेल असा किस्सा हाती लागला होता. पण रावजी मान खाली घालून हुरड्यातला कोंडा फुंकत होते. सयाजीराव म्हणाले, "पीक दाखवत होतो यांना."

रावजींनी चमकून वर पाहिलं आणि आपल्या पुढ्यातली गरम कणसं मुकाट्याने त्यांच्याकडे सरकवली.

मुक्काम भावाकडेच पडला. सकाळी दोघे व्याही आळोखेपिळोखे देत उठले, तर विहिणींची अंथरुणं रिकामी. भावजयीने चहा देता देता सांगितलं, की त्या गोजरबाईला सोबत घेऊन उजाडताच फिरायला गेल्या, आणि तुम्हाला उठवू नका असं बजावून गेल्या.

"आपण जायचं का मागोमाग?" रावजींनी विचारलं.

सयाजीरावांनी खिडकीतून ज्वारीकडे पाहिलं, कपात आणखी चहा ओतून घेतला आणि म्हणाले, "येतील की त्या."