दोघींच्या घरी अंथरलेली सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. पांढरा पट्टा आता चहाच्या रंगाचा झाला आहे, आणि त्यात बराचसा दोष चहाचाच आहे. माझ्या एका कोपऱ्याला मेणबत्तीनं जळालेलं भोक आहे. लहान मुलं त्यात बोट घालून ते मोठं करत बसतात. त्यांच्या आया डोळे मिटून प्रार्थना करत असतात, म्हणून त्यांना ते दिसत नाही. मित्रांनो, माझ्यावर बसून पुष्कळ माणसं देवाशी बोलली, पण तुला काय वाटतं असं मला कुणी विचारलं नाही. म्हणून आज मीच बोलते.

हर्सूलच्या तुरुंगात एका कैद्यानं मला हातमागावर विणलं. तो माणूस अबोल होता, पण वीण घट्ट घालायचा. तिथून मला छत्रपती संभाजीनगरच्या छावणीमागच्या गल्लीतल्या कॅथलिक बायकांनी आणलं. त्यांचं एक मंडळ होतं. आवडाबाई त्याची प्रमुख. बाई तोंडानं फटकळ, पण गल्लीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही तर पहिला डबा तिच्या घरून जायचा.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. त्या महिन्यात मरियामातेची मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. संध्याकाळी शेजारीपाजारी जमतात, माळेचा एकेक मणी सरकवत 'नमो मरिया' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी जाते. मूर्ती पोचायच्या आधी मी तिथं अंथरलेली असते. तेव्हा घराघरांची ओळख मला विचारा. कुठं फरशी पुसून मग मला पसरतात आणि कुठं केर माझ्याखाली लोटतात, हे मी चांगलं जाणते.

मला सगळ्यात आवडायचं ते तनुजा आणि सोनियाचं घर. तनुजा रिक्षा चालवायची. सोनिया वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. ती मूळची लासूर स्टेशनची. तनुजासोबत राहायला आली, तेव्हाच तिच्या भावानं, विश्वजीतनं, तिचं नाव टाकलं. आईवडील आधीच गेले होते. त्या दोघींनी दोन खोल्यांत संसार मांडला आणि तो नेटानं केला. सोनियाचा आवाज गोड होता. ती गाणं धरायची आणि तनुजा, जिला सुराचं काही कळत नव्हतं, ती टाळ्या भलतीकडेच वाजवायची. सगळे हसायचे. सोनिया सगळ्यात जास्त हसायची.

शेजारच्या भामाबाईला या दोघींचा फार लळा. कुणी नवखं माणूस विचारी, "या दोघी कोण?" की भामाबाई पुढं होऊन सांगे, "मावस बहिणी हायेत." गल्लीला खरं ठाऊक होतं, पण गल्लीही तेच म्हणायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं भामाबाईचं म्हणणं होतं. तिचा हेतू वाईट नव्हता. खरं सांगितलं तर लोक या पोरींना गल्लीत राहू देणार नाहीत, अशी तिला भीती वाटायची.

मग सोनियाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. त्या वर्षी ऑक्टोबरात मूर्ती त्यांच्या घरी आली, तेव्हा सोनिया भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले. डायलिसिसवरून आलेली. गाणं दुसऱ्याच कुणीतरी धरलं. मला तिचं वजन आधी जाणवायचं, त्या दिवशी जाणवलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

माळ संपल्यावर बायका उठेनात. दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल त्याच दिवशी आला होता. दोन बाया किंवा दोन पुरुषांचं लग्न कायद्यानं मान्य करणं आमच्या हातात नाही, ते कायदे करणाऱ्यांनी ठरवावं, असं कोर्टानं म्हटलं होतं. तनुजा मूर्तीपुढं बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलली.

"माझी किडनी हिला जुळती. डाक्टर म्हनले, जुळती. नवरा-बायकू असतं तर उद्या द्यायला आलं असतं. पर आमी एकमेकीच्या कुनीच नाय म्हनं. आता दवाखान्यातली समिती बसनार, ती हां म्हनली तर."

चर्चच्या कमिटीतले साहेबराव दाराशी उभे होते. ते म्हणाले, "बाई, तुझं दुःख कळतंय. पर हे आपल्या धर्मात बसत नाय."

आवडाबाईनं माळ पदराला गुंडाळली. "साहेबराव, चर्चातलं लग्न कुनी मागितलंय का? फादर देनार नायत, आमाला ठाव हाय. ही सरकारच्या लग्नाची गोष्ट हाय. कोर्टात रोज लग्नं लागत्यात, तिथं पाद्री लागतो का भट लागतो? तवा तुमी आडवं जाता का? ही पोरगी आपल्या जिवाचा तुकडा तोडून द्यायला निघाली. येशूनं दुसरं काय सांगितलं?"

साहेबराव निघून गेले. बायका मात्र उशिरापर्यंत बसल्या, आणि त्या बसल्या म्हणून मीही उठले नाही.

पुढच्या आठवड्यात मला पहिल्यांदा घराबाहेर नेलं. विभागीय आयुक्तांच्या कार्यालयासमोर रस्त्याच्या कडेला मला अंथरलं. चादरीवर रंगानं लिहिलेला फलक मागं बांधला: 'आम्ही कॅथलिक बायका. सरकारी लग्नाचा हक्क सगळ्यांना द्या.' अक्षरं खाली उतरत गेली होती, कारण आवडाबाईनं घाई केली. मला खडे टोचत होते, धूळ नाकातोंडात जात होती. सतरंजीला नाक नसतं म्हणाल, पण त्या रस्त्यावर बसून बघा.

एक गृहस्थ सायकलवरून थांबले. "पाण्यासाठी बसलात का, ताई? आमच्याकडं आठ दिसांनी येतंय."

"नाय. लग्नासाठी," आवडाबाई म्हणाली.

"या वयात?"

बायका हसल्या. तेही हसले, मग फलक वाचला आणि सायकल पुढं दामटली. पण सगळेच असे नव्हते. कुणी शिव्या दिल्या. कुणी आमच्यावर थुंकलं, ते माझ्या निळ्या पट्ट्यावर पडलं. साहेबराव दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "चर्चची सतरंजी असल्या कामाला?" आवडाबाई म्हणाली, "सतरंजी मंडळाची हाय. मंडळ हितं बसलंय." इतक्या वर्षांत माझ्यावरून भांडण झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

कायदा काही आठवड्यात बदलत नसतो, हे त्या बायकांना कळत होतं. सोनियाला तेवढा वेळ नव्हता. तिच्यासाठी आता समितीचाच रस्ता उरला होता. नात्याबाहेरचं माणूस किडनी देत असेल, तर ते पैसे घेऊन विकत तर नाही ना, हे समिती तपासते. तनुजानं ठरवलं की तिथं काही लपवायचं नाही. आम्ही जोडीनं राहतो, संसार करतो, म्हणून देते, असं स्पष्ट सांगायचं. साक्षीला गल्लीतल्या सगळ्या बायका निघाल्या. भामाबाई सगळ्यांत पुढं.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली मला अंथरलं. सोनियाला माझ्यावर निजवलं. तनुजा आणि बायका आत गेल्या. आवडाबाई सोनियाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सोनिया म्हणाली, "आजी, ती आत नीट बोलंल का गं? रिक्षावाल्यांशी भांडाय बरी हाय ती."

"बोलंल. तू डोळं मीट."

बायका परत आल्या, त्या भामाबाईला दोन्ही बाजूंनी धरून. तनुजा शेवटी आली आणि माझ्या काठावर मटकन बसली.

झालं होतं ते असं. सोनियाला पहिल्यांदा या दवाखान्यात आणलं, तेव्हा वॉर्डात फक्त नातेवाइकांना सोडत होते. तनुजाला आत जाता यावं म्हणून भामाबाईनं तिथं सांगितलं होतं, ही हिची मावस बहीण. ते दवाखान्यात नोंदलं गेलं होतं. नंतर विचारपूस करायला समितीची माणसं गल्लीत आली, तेव्हाही भामाबाईनं आणि आणखी दोघींनी सवयीनं तेच सांगितलं. आता तनुजा म्हणत होती, आम्ही जोडीनं राहतो. समितीतल्या साहेबांनी विचारलं, "आधी बहीण, आता जोडीदार. पुढच्या वेळी कोण? गल्लीच्या गल्ली खोटं बोलते, म्हणजे यात नक्की व्यवहार आहे." आणि त्यांनी परवानगी नाकारली.

"म्या चांगल्यासाठी म्हनलं व्हतं," भामाबाई माझ्यावर कपाळ आपटत म्हणत होती. "तिला आत सोडावं म्हनून म्हनलं व्हतं गं."

तनुजानं तिला उचलून बसवलं. तिला कुणी दोष दिला नाही. पण कुणी तिच्याकडं बघितलंही नाही.

तनुजानं वर, सरकारकडं दाद मागितली. फादरांनी जाहीर काही म्हटलं नाही, पण ते स्वतः मुंबईला जाऊन कुणाकुणाला भेटून आले. तू तरी खरं सांग, म्हणून विश्वजीतला किती फोन केले, त्यानं एकही उचलला नाही. बायका आयुक्तालयासमोर बसत राहिल्या. फलकाचा रंग उडाला, तो पुन्हा भरला. वरून उत्तर यायच्या आधीच, एका दुपारी डायलिसिस चालू असताना सोनिया गेली. तनुजा तेव्हा वॉर्डाच्या बाहेर होती. बहीण नव्हे असं आता सिद्ध झालं होतं, म्हणून तिला आत सोडत नव्हते.

दवाखान्यानं मृतदेह विश्वजीतच्या ताब्यात दिला, कारण कायद्यानं तोच तिचा माणूस. त्यानं तिला लासूर स्टेशनला नेलं. गल्ली टेम्पोनं मागोमाग गेली आणि मला बरोबर नेलं. अंगणात मला अंथरलं. शवपेटीजवळ विश्वजीतच्या घरचे बसले. तनुजा माझ्या शेवटच्या टोकाला, उंबऱ्यापासून लांब बसली होती. ती रडत नव्हती. नुसते माझे धागे उपसत होती आणि मी उपसू देत होते.

गावातल्या एका म्हातारीनं विचारलं, "ती कोन बाई? सोनियाची कोन लागती?"

आमच्या गल्लीच्या तोंडावर ते जुनं उत्तर आलेलं मला दिसलं. मग भामाबाई उठली. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ती सोनियाची कारभारीण हाय. धा वर्सं संसार केला त्यांनी. हिच्या अंगातली किडनी तिला जुळत व्हती."

विश्वजीतनं मान खाली घातली. तनुजा मात्र हळूच म्हणाली, "मावशी, हे तू दवाखान्यात बोलाय पायजे व्हतं."

मग त्यांनी पेटी उचलली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला ऊन दाखवा, झटका, फाटले तर टाके घाला, हे मी मागणार नाही. ते आवडाबाई करतेच, आणि मंडळ अजून बसतं म्हणून मला अजून आयुक्तालयासमोर जावं लागतं. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गल्लीत अशी दोन माणसं असतील, आणि तुमचा त्यांच्यावर जीव असेल, तर त्यांच्यासाठी गोड खोटं बोलू नका. तुम्ही एकमेकांचे कोण, असं त्यांनाच विचारा. ते जे सांगतील आणि जिथं सांगू देतील, तिथं तेच मोठ्यानं म्हणा. दवाखान्यात म्हणा, कचेरीत म्हणा, चर्चच्या पायरीवर म्हणा. आणि ती दोघं जिवंत असताना म्हणा.