एरियलवरची गोधडी

लालासाहेब सैन्याच्या सिग्नल्स विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि परवाना काढून त्यांनी घराच्या गच्चीवर दूरच्यांशी बोलायचा हौशी (हॅम) रेडिओ मांडला. त्याची एरियल म्हणजे मधल्या बांबूवरून दोन्ही कठड्यांपर्यंत उतरलेली तांब्याची तार. पत्नी साळूबाई तिच्यावर धुणं वाळत घालत. बोलणं चालू असताना तारेचा चटका बसतो, असं लालासाहेबांनी बजावलं होतं. "तुमी बोलत नसला की न्हाई बसत," हे साळूबाईंचं ठरलेलं उत्तर.

कृष्णेच्या महापुरात गावाला वेढा पडला. वीज गेली, मोबाइल बंद पडले. खालच्या आळीतली माणसं लालासाहेबांच्या गच्चीवर आली. पावसाने उघडीप दिली त्या सकाळी सून शिवांजलीला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण, आणि मुलगा जयराज जम्मूला ड्युटीवर. बोट मागवायला रेडिओशिवाय मार्ग नव्हता.

लालासाहेबांनी ट्रॅक्टरची बॅटरी जोडून साताऱ्याच्या धैर्यशीलला हाक दिली. रोज सकाळी तासभर गप्पा मारणारा हा मित्र आज उत्तरच देईना. लालासाहेबांनी वर पाहिलं. ओल्या गोधड्या, लुगडी आणि शेजारच्या भामाबाईंची सतरंजी यांच्या भाराने एरियल कठड्यावर टेकली होती.

त्यांनी सगळं काढायला लावलं. पोरं काय पांघरतील, अशी भामाबाईंनी कुरकुर केली. साळूबाईंनी मात्र भराभर तार मोकळी केली आणि धैर्यशीलचा आवाज आला. त्याने सांगलीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. बोट निघाली.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, घराची खूण काय? बोट गावात पोचली होती, पण गल्ल्या पाण्याखाली आणि गच्च्या सगळ्या सारख्या. लालासाहेबांनी मारुतीच्या कळसापासून ईशान्येला, असं शिस्तीत सांगितलं. बोटवाले परजिल्ह्यातले, त्यांना कुठला कळस मारुतीचा तेच कळत नव्हतं. शिवांजली जिन्यावरच्या खोलीत कण्हत होती. रेडिओचा दिवा मंदावत चालला होता.

साळूबाई मागेच उभ्या होत्या. "आवं, धुणं सांगा की."

लालासाहेबांनी घसा खाकरला. "तारेवर हिरवं लुगडं, लाल गोधडी, पट्ट्यांची सतरंजी. ओव्हर."

"पण ते तर आत्ताच काढलंत ना? ओव्हर."

"परत घालतोय. यापुढं माझा आवाज यायचा न्हाई. बोटीला तेवढं सांग. ओव्हर."

मग गोधडी त्यांनी स्वतः वाळत घातली, कडेला कड जुळवून, बराकीतल्यासारखी. साळूबाईंनी ती ओढून पूर्ण पसरली. "घडी करून कुणाला दिसनार हाय?"

बोट सरळ गच्चीला येऊन लागली. संध्याकाळी मिरजेच्या दवाखान्यात शिवांजलीला मुलगी झाली. साळूबाई सोबत गेल्या होत्या. लालासाहेब गच्चीवर राहिले, तार सांभाळत.

आता धैर्यशीलशी गप्पा दुपारी होतात. सकाळी एरियलवर नातीची दुपटी असतात.