डुगडुगतं स्टूल

कलादालन म्हणजे बंद पडलेल्या शिलाईच्या दुकानाच्या दोन खोल्या. भिंतींना पांढरा रंग फासला, दोन दिवे टांगले की झालं कलादालन. फळ्यांवर मडकी, भिंतींवर चित्रं आणि मधोमध, दिव्याच्या झोताखाली, मिस्त्रीच्या मुलाने केलेलं स्टूल.

मिस्त्री सकाळपासून कोपऱ्यातल्या बाकावर ठाण मांडून होता. बायकोने बजावून पाठवलं होतं, "पोरगा आज तिथे येणार आहे म्हणे. दोन शब्द गोड बोला आणि घरी घेऊन या. तुमच्या जिभेला करवतीचे दात आहेत, ते आज झाकून ठेवा."

जीव तर मिस्त्रीचाही तुटत होता. पण आयुष्यभर ज्या तोंडाने खेकसलं, त्या तोंडाला "ये" हा शब्द एकाएकी कुठून सुचणार?

लोक येत, स्टुलावर बसत. ते डुगडुगायचं. एक जाडजूड बाई बसली, कलंडली आणि नवऱ्याचा हात धरून खिदळली. कानात बाळी घातलेला एक दाढीवाला बसला, डोळे मिटून डुलत राहिला आणि "वा!" म्हणाला. मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. वा काय वा! एक पाय आखूड आहे, गाढवा! माझ्या पोराचं चारचौघांत हसं होतंय आणि तू डुलतोस?

खरं तर पोराचं हसं करायला परक्यांची गरजच नव्हती. कित्येक वर्षांपूर्वी पहिलं स्टूल त्याने केलं तेव्हा तेही असंच डुगडुगलं होतं. मिस्त्रीचा नियम ठरलेला. पाय आखूड निघाला तर बाकीचे तीन त्याच्या मापाला कापायचे; खाली तुकडा चिकटवणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ. आपल्या कारखान्यातल्या सगळ्यांसमोर मिस्त्रीने करवत घेतली. हा पाय काप, तो काप, पुन्हा हा काप. तोल बरोबर आला तेव्हा स्टुलाचा पाट झाला होता. "घे, जेवायला बस," मिस्त्री म्हणाला. सगळे पोट धरून हसले. पोरगाही हसला, आणि त्याच संध्याकाळी घर सोडून निघून गेला. बापलोकांना वाटतं, पाणउतारा केला की पोरगं घडतं. घडतं कसलं डोंबल.

दुपारी गर्दी पांगली. कलादालन सांभाळणाऱ्या बाई मागच्या खोलीत डबा खायला गेल्या. मिस्त्री उठला. स्टूल त्याने उलटं केलं, पायांवरून बोट फिरवलं. काम इतकं सफाईदार होतं की त्याचा हात तिथेच रेंगाळला. पिशवीतून छोटी करवत काढून त्याने पायावर टेकवली. हात हलेना. करवत परत पिशवीत गेली. मग लाकडाची एक ढलपी चाकूने तासून त्याने आखूड पायाला गोंदाने चिकटवली. पाहुणे यायच्या आत लेकराचं नाक पुसावं तसं त्याला हलकं वाटलं.

थोड्या वेळाने दोन मुली आल्या. एक बसली. "हे काय, साधं स्टूल तर आहे," म्हणाली आणि उठली.

बाई धावत आल्या. बसून पाहिलं, खाली वाकल्या. "काका, हात लावलात तुम्ही याला?"

"पाय आखूड होता. नीट केला."

"अहो, तो मुद्दाम आखूड ठेवलाय! लोक त्याच्यासाठीच येतात. काल एक आजी यावर बसून रडल्या."

"मुद्दाम?"

"नाव काय आहे बघा ना त्याचं. 'बापाचं घर'."

पाटी समोरच होती. मिस्त्रीने ती वाचलीच नव्हती. स्टूल समोर असताना पाटी कोण वाचतो?

तेवढ्यात पोरगा आत आला. कानशिलांवरचे केस पांढरे झालेले, चाल मात्र तीच. बापाला पाहून तो थबकला. बाईंचा चेहरा पाहून स्टुलाकडे गेला, बसला. स्टूल हललं नाही. त्याने ते उलटं केलं आणि ढलपीवर अंगठा ठेवला.

"जोड लावलात?"

"हं."

"तुम्ही?"

"लोक हसत होते तुला."

"करवत नव्हती जवळ?"

"होती."

पोराने ढलपीवरचा अंगठा उचलला. मग म्हणाला, "काढा तो."

मिस्त्री गुडघ्यांवर बसला. गोंद अजून ओलाच होता. पोराने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, पूर्वी कारखान्यात धरायचा तसं. ढलपी निघाली. मिस्त्रीने पाय सदऱ्याच्या बाहीने पुसला.

"आईने विचारलंय," तो म्हणाला. "आईने नाही. मीच विचारतोय. येशील का रे घरी?"

पोराने स्टूल सरळ केलं. "आधी बसा."

"मी?"

"बसा तर खरं."

मिस्त्री बसला. स्टूल कलंडलं तसा त्याचा पाय आपोआप जमिनीवर गेला.

"पाय टेकवू नका, बाबा."

त्याने पाय उचलला. स्टूल एकदा इकडे झुकलं, एकदा तिकडे. धरायला काही नव्हतं. समोर पोरगा उभा होता, खिशात हात घालून, आणि अजून हो म्हणाला नव्हता.