कान्हूच्या नावाचे तांदूळ

आमच्यात लग्न बाई लावते. हल्ली भटजीपण बोलावतात, नाय असं नाय, पण त्या बाईनं, आमच्या धवलारणीनं, गाऊन हाक मारल्याशिवाय मांडवात देव उतरत नाय. रोह्याहून आलेला वरपक्षाकडचा एक सायब हे ऐकून डोळेच विस्फारून बसला. "बाई लग्न लावते? मग मंत्र?" मी म्हटलं, "मंत्र कशाला? देव काय बहिरे हायत? नावानं हाक मारली की येतात."

मी बायजा. तोंडाची फाटकी म्हणून सगळं पेण मला ओळखतं, आणि काही खोटं नाय. धवला, म्हणजे आमचं लग्नातलं गाणं, गायला दोघी लागतात. एकीनं हाक मारायची, दुसरीनं ती झेलायची, म्हणजे तीच ओळ परत गायची. झेलली नाय तर हाक पोचत नाय. मी आणि चंद्रावती जन्मभर जोडीनं गायलो. दिवसा मिठागरात एकमेकींच्या डोक्यावर टोपली चढवायची, आणि लग्नसराईत एकमेकींचा आवाज झेलायचा. पण त्या दिवशी लग्न तिच्याच लेकीचं होतं, नम्रताचं. आणि मला सकाळपासून त्या मांडवाची धास्ती होती.

कारण सांगते. देवांना बोलावून झालं की आम्ही घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावतो. एकेकाचं नाव घ्यायचं, ते झेलायचं आणि घरच्या बाईनं त्याच्या नावाच्या पानावर एक मूठ तांदूळ वाढायचे. ज्याला हाक गेली नाय तो लग्नभर मांडवाबाहेर उपाशी उभा राहतो. आणि जित्या माणसाचं नाव त्यात चुकून घेतलं तर त्याचं आयुष्यच तोडलं. म्हणून धवलारीण आधी घरात विचारून घेते, कोण गेलं, कोण हाय.

चंद्रावतीच्या घरात हेच कुणाला माहीत नव्हतं.

तिचा लेक कान्हू एकोणनव्वदच्या पुरात नागोठण्याला कामाला गेलेला. पूर ओसरला, बाकीची पोरं आली, हा आला नाय. अंगावरचा कपडासुद्धा सापडला नाय. पुढं गडब गावच्या कुणीतरी सांगितलं, रोह्याच्या पुढं रेल्वेच्या कामावर कान्हूसारखा पोरगा दिसला. झालं! बाई आठवड्याच्या बाजाराला जावं तशी रोह्याला जायला लागली. रेल्वेवरच्या मजुरांच्या झोपड्या पालथ्या घातल्या. नम्रतासाठी स्थळ बघते असं सांगून स्टेशनात बाकड्यावर बसायची आणि गाडीतून उतरणारी तोंडं बघायची. रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीतला जावईसुद्धा तिनं तेवढ्यासाठी पसंत केला. नम्रताला म्हणाली, "तुझं सासर स्टेशनाजवळ हाय, जाता-येता लक्ष ठेव."

मी तिला किती बोलले असेन! "गो चंद्रा, गेला तो. पोराला पाण्यानं नेलं. रडून घे आणि मोकळी हो." ती म्हणायची, "तुला लेकरू नाय, तुला काय कळतंय?" मग आम्ही दोन दिवस बोलायचो नाय. तिसऱ्या दिवशी टोपली चढवायला कुणीतरी लागायचंच.

मला लेकरू नव्हतं ते खरंच. पण कान्हू माझ्याकडं जेवायचाच की! आईकडं जेवून आमच्या दारात उभा राहायचा. "मावशे, भात हाय का गो?" पोट होतं की कणगी, देव जाणे. मी शिव्या घालायची आणि टोप पुढं सरकवायची.

तर हळदीच्या सकाळी नम्रता माझ्याकडं आली. डोळे सुजलेले. "मावशे, दादाला हाक मार गो. माझ्या लग्नात तो बाहेर उभा राह्यला तर मी सासरी कशी जाऊ?" ती गेली तोच तिची आई आली. माझा हात धरून म्हणाली, "त्याचं नाव घेतलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." आता बोला! इकडं आड, तिकडं विहीर. पण शपथ आईनं घातलेली. मी हो म्हटलं.

मांडवात बसलो. ती नवरीची आई, म्हणून हाक मी मारायची आणि तिनं झेलायची, तांदूळही तिनंच वाढायचे. एकवीरा आईला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. मग घरातली माणसं. "मांडवाला या गो, धोंडुबाई आजी." चंद्रावतीनं झेललं, मूठ वाढली. "मांडवाला या हो, महिपती दादा." तो तिचा नवरा. तिनं झेललं, मूठ वाढली. आवाज कापला नाय तिचा.

झालं. संपली माणसं. मी शेवटची ओळ घेतली, "भरला गो भरला, मांडव भरला."

ती झेलीना.

मी परत घेतली. मी बघितलं ती कुठं बघतेय. हळद लावलेली नम्रता पाटावर बसून मान वळवून मांडवाच्या बाहेर बघत होती. बाहेर कुणी नव्हतं, नुसतं ऊन. चंद्रावती लेकीकडं बघत राहिली. मग डोळे मिटून तिनंच हाक मारली. "मांडवाला ये रं, कान्हू माझ्या."

आता झेलायची पाळी माझी. आणि मलाच झेलता येईना! मी, जी तिला चार वर्षं सांगत होते गेला तो, गेला तो. तेव्हा कळलं मला, ती रोह्याला जायची तेव्हा मीही संध्याकाळी एस्टीकडं डोळे लावून बसायची, ती एकटी उतरते की कुणी बरोबर हाय. टोपात भात जरा जास्तच टाकायची. तिच्या जिवावर मीच आशा धरली होती, मेली मी!

ती दुसऱ्यांदा गायली. बायका माझ्याकडं बघायला लागल्या. नम्रता रडत होती. तिसऱ्यांदा चंद्रावती गायली नाय, नुसती बोलली. "झेल गो बायजा. पोर बाहेर उन्हात हाय."

मी झेललं. कसं झेललं ते मला विचारू नका. "मांडवाला ये रं, कान्हू माझ्या."

चंद्रावतीनं पानावर मूठ वाढली. मग दुसरी वाढली. मग तिसरी. एका जाणत्या बाईनं तिचा हात धरला, "एकच वाढायची असते गो."

"चार वर्सांचा उपाशी हाय तो," चंद्रावती म्हणाली आणि तिनं हात सोडवून घेतला.

माझ्या ओटीत माझ्या मानाचे तांदूळ होते, धवलारणीला देतात ते. ते मी सगळे त्याच्या पानावर ओतले.